बिनडोळ्या बाईवरील स्वारीची बखर

चिरंजीव राजमान्य राजश्री, बोटीवरील मुदपाकखान्याचे दारोगे, यांसी तीर्थरूपांचे अनेक आशीर्वाद उपरि. इकडील क्षेम असे, तिकडील लिहीत जाणे. विशेष. तुम्हांकडून कोण्या बंदरावरून निरोप आला जे, ‘पाटीचं काय झालं?’ तीन शब्दांचा निरोप, त्यास तीन शब्दांतच उत्तर धाडावे ऐसे सूनबाईंचे मत पडले. परंतु एवढी मोहीम जाहली, दोन वेळा शिकस्त खाल्ली, तिसरे वेळी शत्रू पायउतार केला, आणि ते सारे तीन शब्दांत कोंबावे हे या लेखणीस मानवेना. सबब साद्यंत मजकूर लिहितो, पदरचे काही न घालता. घातले असल्यास थोडकेच. बोटीवर फुरसत असते ऐसे ऐकतो, तरी सावकाश वाचणे.

प्रथम तुमच्या कन्या ठकूबाईसाहेब यांचे वर्तमान. तुम्ही बोटीवर चढलात तेव्हा त्यांस अक्षर म्हणजे किड्यामुंगीसारखे होते. मागाहून पहिलीत दाखल जाहल्या आणि चौथ्या महिन्यात वाचू लागल्या आणि मग काय पुसता! घरापासून शाळेपर्यंतचा मुलूख दहा मिनिटांचा, त्यातील एकेक पाटी त्यांनी मोठ्याने वाचून काबीज केली. ‘गाड्या लावू नयेत’ हे ठाणे पहिल्याच दिवशी पडले, ‘दातांचा दवाखाना’ दुसऱ्या दिवशी, आणि ‘येथे सर्व प्रकारचे पंक्चर काढून मिळेल’ हा जोडाक्षरांचा तट बांधलेला किल्ला सहा दिवस झुंजला आणि सातव्या दिवशी सर जाहला. पाटी दिसली की वाचायची हा त्यांचा शिरस्ता, आणि वाचली की खरी मानायची हाही. दातवाल्याच्या दारावर ‘अजिबात दुखत नाही’ ऐसे लिहिले होते, सबब दात काढतेवेळी त्या रडल्या नाहीत; लिहिलेच आहे म्हटल्यावर रडणार कशाला, ऐसा त्यांचा सवाल होता.

ऐसे राज्य सुखाने चालले असता शत्रू उतरला. शाळेच्या रस्त्याच्या तोंडाशी टायरवाल्याचे दुकान, त्याच्या छपरावर लोखंडी सांगाडा, वीस फूट उंच आणि चाळीस फूट रुंद. तेथे आजवर गाद्यांची जाहिरात होती आणि तिचा कोणास उपसर्ग नव्हता. एके सोमवारी भल्या सकाळी सांगाड्याच्या धन्याची, म्हणजे फलकदाराची, माणसे शिड्या लावून चढली आणि त्यांनी गादी उतरविली आणि एक बाई चढविली. बाई ऐसी की केस ओले, तोंड पांढरेफटक, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, आणि हातांची बोटे फलकाच्या चौकटीबाहेर लोंबलेली, जणू आता टायरांवर उतरते आहे. भुताच्या सिनेमाची जाहिरात. खाली हात हात उंच अक्षरांत लिहिले होते, ‘एकदा बघाल, तर तुमच्या घरी येईन.’ आणि समोरच रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे, ते ओलांडणाऱ्याचे तोंड नेमके तिच्याच पुढ्यात. पलीकडे जाऊन उजवे हातास वळले की पदपथ सरळ शाळेच्या फाटकास भिडतो. म्हणजे तीनशे पोरांनी रोज सकाळी तिला सलामी दिल्याशिवाय शाळेत जाता येऊ नये, ऐसा बंदोबस्त शत्रूने केला. हे कोणाच्या डोक्यातून निघाले त्याच्या डोक्यात काय होते, हे आम्हांस अद्याप कळले नाही.

तीन दिवस घरी काही उमगले नाही. चौथ्या दिवशी दुपारी थांबाबाई आल्या. थांबाबाई म्हणजे शाळेच्या पट्ट्यांवर चमकते जाकीट घालून आणि ‘थांबा’ लिहिलेली गोल फळी उगारून उभ्या राहतात त्या, तुम्हांसही त्यांनीच लहानपणी ओलांडविले आहे. त्या फळीपुढे मालमोटारी निमूट उभ्या राहतात आणि अठ्ठावीस वर्षांत एक पोर त्यांनी हातचे जाऊ दिले नाही. त्यांच्या हाती ठकूबाईसाहेबांचे दप्तर होते आणि त्याचा एक बंद मुळापासून तुटला होता. सूनबाई बाहेरच्या खोलीत मशीनवर शाळेचे झगे शिवीत होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे म्हटले की ठेवून जा, सायंकाळी शिवून देते. तेव्हा थांबाबाई उंबऱ्यातच बसल्या आणि बोलल्या, ते जसेच्या तसे लिहितो.

“वहिनी, बंदाचं नंतर बघा. तुमची पोर डोळे मिटून रस्ता ओलांडते. आज पट्टे सोडून तिरकी गेली पार गाडीसमोर. दप्तर हाताला लागलं म्हणून ओढली. नसतं लागलं तर काय केलं असतं मी?”

मशीन थांबले. मग ठकूबाईसाहेबांस पाचारण जाहले आणि पुसतपास सुरू जाहली आणि त्यांनी निर्भयपणे जबानी दिली जे, आपण नेहमी अक्षरे आधी वाचतो आणि चित्र मागाहून पाहतो, त्याप्रमाणे अक्षरे वाचली आणि वाचताच डोळे मिटले, आणि तेव्हापासून तेथे एकदाही उघडले नाहीत.

“पण आई, वाचताना कडेची बोटं दिसली मला. बोटं बघितली तर नुसती बोटंच येतील ना घरी?”

सूनबाईंनी त्यांस पोटाशी धरले आणि म्हणाल्या, “अगं वेडे, चित्र आहे ते. सगळं खोटं असतं.”

“मग पाटीवर खोटं लिहितात?”

हा सवाल ऐकून तुमच्या मातुःश्री पदराशी चाळा करीत बसल्या. या बखरनवीसाने तर एकतीस वर्षे जलखात्याच्या दफ्तरी बसून ‘उद्या पाणी येईल’ ऐशा पाट्या चौकाचौकांत लावविल्या आहेत, सबब त्यानेही मान खाली घातली.

दुसरे दिवसापासून हात धरून न्यावयाची तजवीज केली. एक दिवस सूनबाई, एक दिवस मातुःश्री. परंतु हात धरला तरी डोळे मिटलेलेच, आणि मग तो रोग पसरत चालला. न जाणो दुसऱ्या कोण्या पाटीवर काय लिहिले असेल, ऐसा विचार करून ठकूबाईसाहेब दातवाल्याशीही डोळे मिटू लागल्या, पंक्चरवाल्याशीही, आणि आठवडा संपतो तो घरापासून शाळेपर्यंत एक अक्षर वाचीनात. जिंकलेला मुलूख न लढता गेला. मागे वाटेने त्यांची कटकट होत असे, हे काय लिहिलंय आणि ते काय लिहिलंय. आता मुकाट बोट धरून चालत. हे पाहून आम्हांस फार वाईट वाटले. रस्त्याची भीती तर होतीच, हात सुटला तर काय ही. पण पोरीने नुकते उघडलेले पुस्तक कोणीतरी तिच्या तोंडावर मिटले, याचा रागही होता, आणि तो लपविण्यात अर्थ नाही.

मग मसलतीस बसलो. फलकदाराचा नंबर फलकाच्या कोपऱ्यातच होता, तो टिपून सूनबाईंनी त्यास सामोपचाराने कळविले जे, लहान मुले भितात, तरी बाई उतरवावी. त्याजकडून उत्तर आले की परवाना आहे, आणि मुले भीत असल्यास मुलांनी पाहू नये. ही पहिली शिकस्त. पोरगी नेमके तेच करीत होती हे त्यास सांगावयाचे आत त्याने फोन ठेविला.

तेव्हा परवाना कचेरीवर चालून जावे ऐसे ठरले. तेथील परवानेनवीस गृहस्थ शांत, पोटाने थोर, टेबलावर तीन शिक्के आणि एक गार जाहलेला चहा. त्यांनी फर्माविले जे, अर्ज लेखी करावा आणि शाळेच्या फाटकापासून फलकाच्या खांबापर्यंत अंतर किती, ते अर्जदाराने स्वतः मोजून त्यात लिहावे. किती असले म्हणजे चालेल हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही पुसले नाही. हा बखरनवीस स्वतः एकतीस वर्षे खुर्चीच्या त्या बाजूस बसलेला असून त्यास हे पुसावयाचे सुचू नये, याचा दोष त्याचाच.

सूनबाईंनी कंबर बांधिली. मुले वर्गांत गेल्यावर, रस्ता निवांत पाहून, गळ्यात शिवणकामाची दीड मीटरची टेप, हाती कापडावर खुणा करावयाचा निळा खडू, ऐशा सरंजामाने त्या फाटकापासून निघाल्या. पदपथावर गुडघे टेकीत, टेप पसरीत, खूण करीत, पुन्हा पसरीत चालल्या. कडेने थांबाबाई फळी घेऊन पहाऱ्यास चालल्या, आणि एक सायकलवाला ‘काय हरवलं?’ म्हणून पुसू लागला त्यास त्यांनी फळी दाखविली. टायरवाल्याच्या खांबाशी पोचेतो सदुसष्ट टेपा भरल्या आणि वर पंचवीस सेंटीमीटर. घरी येऊन त्यांनी हिशेब केला, शंभर मीटर पंचाहत्तर सेंटीमीटर. तो आकडा या बखरनवीसाने स्वहस्ते अर्जात घातला. समास उत्तम सोडला होता. ऐसा अर्ज त्या कचेरीत दहा वर्षांत आला नसेल.

परवानेनवीसांनी अर्ज वाचला, अक्षराची तारीफ केली आणि मग फडताळातून नियमांचा ग्रंथ काढला. नियम ऐसा की, शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरांचे आत बालकांस भय उत्पन्न करील ऐसी जाहिरात लावू नये. आत म्हणजे आत. तुमचे शंभर आणि वर पाऊण, सबब बाई नियमाने बसली आहे. आणि अर्जावर शिक्का मारून तो परत केला.

पाऊण मीटर म्हणजे किती, तर ठकूबाईसाहेब हात पसरून उभ्या राहिल्या तर त्याहून अधिक भरतात. तेवढ्याने आम्ही बुडालो. ही दुसरी शिकस्त, आणि ही मोठी. सूनबाई घरी आल्या त्या थेट मशीनवर बसल्या. त्यांनी शाळेच्या झग्याची बाही उलटी लाविली, मग उसविली, मग पुन्हा उलटीच लाविली. त्या संध्याकाळी प्रथमच म्हणाल्या की शाळा बदलू या, आणि घरात कोणास घास गोड लागला नाही.

दुसरे दिवशी पोरीस पोचविण्याची पाळी मातुःश्रींची होती. त्या फाटकापर्यंत गेल्या आणि परतताना कमरेवर हात ठेवून पदपथाकडे पाहू लागल्या. निळ्या खुणा अद्याप पुसल्या नव्हत्या. टेप संपली तेथे एक रेघ, आणि तिच्या अलीकडे दोन बोटे सोडून दुसरी रेघ, जेथून पुढली टेप धरिली ती. पुढे पाहिले तो पुन्हा दोन रेघा. पुढे पुन्हा दोन. खांबापर्यंत ऐशाच जोड्या. तुमच्या मातुःश्रींनी चाळीस वर्षे शिवण केले आणि सूनबाईंस पहिल्या दिवशी हेच शिकविले की दोन तुकडे जोडायचे तर एक दुसऱ्यावर दोन बोटे चढवायचा, शिवणीत माया राहिली पाहिजे, म्हणजे पोर वाढली की कपडा उसवून वाढविता येतो. गुरूची विद्या शिष्याच्या हाडी मुरली होती. त्या तशाच तरातरा घरी आल्या आणि चपलाही न काढता बाहेरच्या खोलीत उभ्या राहिल्या.

“अगं बये, रस्त्याला माया कशाला सोडलीस? पुढच्या वर्षी उसवून वाढवायचाय का तो?”

सूनबाईंनी आधी टेपेकडे पाहिले, मग बोटांकडे पाहिले, मग कपाळास हात लाविला. आणि मग सासू-सून ऐशा हसू लागल्या की हसता हसता सूनबाईंचे डोळे भरून आले. हा बखरनवीस आतून धावत आला, त्यास कोणी काही सांगेना. शेवटी मातुःश्रींनीच समजाविले जे, सदुसष्ट जोडांत दोन दोन बोटे रस्ता दोनदा मोजिला गेला, म्हणजे अडीच-पावणेतीन मीटर उगाच वाढले, म्हणजे बाई नियमाच्या आत आहे.

तात्काळ कूच केले. या खेपेस मातुःश्री खासा निघाल्या. परवानेनवीसांनी ऐकून घेतले आणि हुकूम केला जे, अर्जदाराने स्वतः लिहून दिलेले माप अर्जदारास नाकारता येणार नाही. येथे या बखरनवीसाने आपले एकतीस वर्षांचे हत्यार बाहेर काढिले. त्याने शुद्धिपत्रक करून आणिले होते, आणि चुकीच्या मापाचे शुद्धिपत्रक आले असता कचेरीने जागेवर जाऊन स्वतः मोजावे, हा नियम त्याच ग्रंथात पुढल्या पानावर आहे हेही दाखविले. परवानेनवीस म्हणाले, नियम आहे, परंतु चूक जाहली हे पटले पाहिजे. दीड मीटरची टेप दीड मीटरच असते, सदुसष्ट वेळा लाविली म्हणजे गुणाकार करावा, त्यात चूक कोठून येणार?

तेव्हा मातुःश्री टेबलास वळसा घालून त्यांच्या बाजूस गेल्या आणि खाली पाहू लागल्या.

“साहेब, ही पँट माझ्या हातची.”

“असेल,” ते म्हणाले.

“असेल नाही, आहे. तीनदा उसवून वाढवून दिली तुम्हाला. तीनदा कापड कुठून आलं?”

परवानेनवीसांनी आपल्या पोटाकडे पाहिले आणि हलकेच म्हणाले, “आतून.”

“मग सुनेनं रस्ता तसाच जोडलाय. प्रत्येक जोडाला दोन बोटं आत. आता दीड-दीड मीटरचे सदुसष्ट तुकडे शिवल्यावर शंभर मीटर भरतील का?”

परवानेनवीस नियमाचे पक्के होते, परंतु पँटीचे उपकार विसरणारे नव्हते. त्यांनी लोखंडी टेप काढविली आणि दुसरे दिवशी सकाळी नऊ वाजता खासा स्थळावर येण्याचे कबूल केले, आणि फलकदारासही हजर राहण्याचा खलिता धाडिला.

गुरुवारी सकाळी दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. फलकदार मोटारसायकलीवरून आला, तरणा माणूस, कपडे इस्त्रीचे, तोंड गोड. माप चालू असता तो आमच्या कानाशी म्हणू लागला, “काका, पोरं कुठं पाट्या वाचतात हो? मान खाली घालून जातात. उगाच मोठी माणसं मनावर घेतात.” लोखंडी टेप फाटकापासून पसरली, थांबाबाईंनी रहदारी अडविली, परवानेनवीस खांबाशी उकिडवे बसून आकडा पाहू लागले, आणि तेवढ्यात पट्ट्यांपलीकडे सूनबाई ठकूबाईसाहेबांस घेऊन आल्या. घरून निघताना कोणी शिकविले नव्हते, शाळेची वेळच ती. ठकूबाईसाहेबांचे डोळे घट्ट मिटलेले होते, इतके की गालांस सुरकुत्या पडल्या होत्या. एक हात आईच्या हाती आणि दुसरा पुढे चाचपडणारा. आणि त्या पावले मोजीत होत्या, कारण पट्टे किती पावलांचे हे आता त्यांस पाठ जाहले होते.

“अकरा, बारा, तेरा, चौदा. आई, आला पदपथ?”

“आला, बाळा.”

फलकदाराने पोरीकडे पाहिले, मग मान वर करून आपल्या बाईकडे पाहिले. बहुधा लाविल्यापासून प्रथमच त्याने ती खालून पाहिली असावी. परवानेनवीस उठले आणि त्यांनी जाहीर केले, अठ्ठ्याण्णव मीटर सात सेंटीमीटर, आणि हुकूम लिहावयास म्हणून टायरवाल्याच्या स्टुलावर बसले, तेव्हा मागून एक शिवण टर्रकन गेली. मातुःश्री म्हणाल्या की आता तिच्यात माया उरली नाही, नवीच शिवावी लागेल. परंतु हुकूम त्यांनी तसेच बसून पुरा केला. आणि हुकुमाची शाई वाळण्याआधी फलकदाराने फोन लाविला आणि शिड्या घेऊन या, आत्ताच्या आत्ता, ऐसे आपल्या माणसांस सांगितले. शत्रूचा असला तरी हा गुण लिहून ठेविला पाहिजे.

शुक्रवारी सकाळी आम्ही सारेच निघालो. ठकूबाईसाहेबांस सांगितले होते की बाई गेली. परंतु तोंडी सांगितलेले आणि लिहिलेले यांत फरक असतो, तेव्हा पट्ट्यांपाशी येताच डोळे मिटले. थांबाबाईंनी फळी उगारली आणि दोन्हीकडची रहदारी खिळली. सूनबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, “एक डोळा उघड. एकच. मी आहे ना.” एक मालमोटारवाला भोंगा वाजवू लागला, त्याकडे थांबाबाईंनी नुसते पाहिले आणि तो गप्प जाहला. मग एक डोळा उघडला, सवयीप्रमाणे आधी खाली, अक्षरांवर. पांढऱ्या कोऱ्या फलकावर फलकदाराने काळ्या अक्षरांत लिहविले होते, आणि कित्येक दिवसांनी तो आवाज आमच्या कानी पडला.

“ही... जा-गा... रि-का-मी... आ-हे.”

मग दुसरा डोळा उघडला, आणि वरपासून खालपर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहणी जाहली.

“आई, खरंच गेली. लिहिलंय तिथं!”

आणि ठकूबाईसाहेब हात सोडून पट्ट्यांवरून निघाल्या, उघड्या डोळ्यांनी, आणि मध्यभागी थांबून फलकाखालचा दहा आकडी फोन नंबरही मोठ्याने वाचिला, आणि तो पुरा होईतो थांबाबाईंनी फळी खाली केली नाही. तुमच्या मातुःश्रींनी पदराने डोळे टिपले, आणि आम्ही चष्मा पुसला.

येणेप्रमाणे शुक्रवारी सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी फत्ते जाहली, ती या दफ्तरी नोंदविली असे. गेलेली ठाणी एकेक करून परत येत आहेत. दातवाला कालच हाती आला, पंक्चरवाल्याचा वेढा चालू आहे. सुट्टी मिळेल तेव्हा त्यांस शाळेत पोचविण्याचा मान तुमचा. मात्र दहा मिनिटांचा मुलूख आता पाऊण तासाचा जाहला आहे, तरी वेळ हाताशी ठेवून येणे. बहुत काय लिहिणे, तुम्ही सुज्ञ असा. या पत्रावर शिक्का नाही. खाली ठकूबाईसाहेबांचे स्वदस्तूर आहे, ओळ तिरकी गेली असली तरी त्यांनी एकटीने लिहिली आहे.

‘बाबा बोटं पण आली नाहीत.’